पोळी सोडून आठ महिने झाले, तरी कोपरे का खाजतात?

विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे आहेत. दोन्ही कोपरे, गुडघे आणि बैठकीची जागा येथे दोन वर्षे बारीक, पाणीदार, असह्य खाजणारे फोड येत होते. आधी खरूज म्हणून, मग अ‍ॅलर्जी म्हणून औषधे झाली आणि अखेर त्वचेच्या बायोप्सीवरून ‘डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ असे निदान झाले. आठ महिन्यांपासून त्यांनी गहू पूर्ण सोडला असून ते ज्वारी-बाजरीची भाकरी खातात. डॅप्सोनची १०० मिलिग्रॅमची गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी खाज थांबली. मात्र गोळी ५० वर आणली की दहा-बारा दिवसांत कोपरांवर पुन्हा पुरळ उठते. रक्तातील टीटीजी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडे मोजणारी चाचणी) सुरुवातीला वाढलेले होते, आता नॉर्मल आहे. मग पुरळ का उठते, आहाराचा उपयोग होत नाही असे समजावे का, मिठातले आयोडीन बंद करावे का, गोळी जन्मभर घ्यावी लागेल का आणि मुलांची तपासणी करावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

आहाराचा उपयोग होत नाही, असा निष्कर्ष आठ महिन्यांत काढता येत नाही. त्याचबरोबर, ‘गहू पूर्ण बंद आहे’ हे तुमचे वाक्यही मी स्वयंपाकघराची आणि गिरणीची चौकशी केल्याशिवाय जसेच्या तसे स्वीकारणार नाही. यात तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. गेली २६ वर्षे त्वचारोगांची प्रॅक्टिस करताना हा आजार मला वर्षाकाठी दोन-तीनदाच भेटतो, परंतु भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात गहू ताटातून गेलेला असतो आणि पिठातून राहिलेला असतो.

हा आजार दिसतो कातडीवर, पण सुरू होतो आतड्यात. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्यात आयजीए प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात. त्यांतली काही त्वचेतील ‘एपिडर्मल ट्रान्सग्लुटामिनेज’ या एन्झाइमला चिकटतात आणि बाह्यत्वचेच्या लगत खाली, अंतस्त्वचेच्या टोकांशी, कणाकणांनी साठून राहतात. तेथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, फोड धरतो आणि खाज सुटते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ लुई डुहरिंग यांनी १८८४ मध्ये या पुरळाचे वर्णन केले, पण अशा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरातही बदल असतात हे समजायला १९६६ साल उजाडले, म्हणजे मध्ये ८२ वर्षे गेली. याचे कारण सरळ आहे. यातल्या बहुतेक रुग्णांचे पोट काहीच कुरकुर करत नाही. ना जुलाब, ना वजन घटणे. तुम्हालाही पोटाचा त्रास नसावा आणि त्यामुळेच ‘पोळीचा आणि कोपराचा काय संबंध’ हा प्रश्न घरात अजून कुणीतरी विचारत असेल.

त्वचेतला हा आयजीएचा साठा फार चिवट असतो. आतड्याचे अस्तर आहार पाळल्यावर काही महिन्यांत ते दोन-एक वर्षांत सुधारते. त्वचेतील साठा पूर्ण जायला मात्र कित्येक वर्षे, काही रुग्णांत दहा वर्षांपर्यंतही लागतात. साठा असेपर्यंत थोडेसे ग्लुटेनही ठिणगीचे काम करते. त्यामुळे काटेकोर आहारावर डॅप्सोनची मात्रा कमी होऊ लागायला साधारण सहा महिने लागतात आणि केवळ आहारावर पुरळ ताब्यात यायला सरासरी दोन वर्षे. या हिशेबाने आठ महिन्यांत १०० वरून खाली येण्याची धडपड सुरू होणे हे अपयश नाही; तुम्ही वेळापत्रकाप्रमाणेच चालला आहात.

टीटीजी नॉर्मल आले ही चांगली गोष्ट आहे, परंतु ती चाचणी मुख्यतः आतड्याशी संबंधित प्रतिपिंडे मोजते आणि त्वचेतील एन्झाइमविरुद्धची प्रतिपिंडे वेगळी असतात. शिवाय अधूनमधून पोटात जाणारे चिमूटभर ग्लुटेन टीटीजीला वर ढकलेलच असे नाही. वाढलेले टीटीजी खाली आले याचा अर्थ एवढाच की ताटातील मोठा गहू गेला. बारीक गहू गेला की नाही, हे तो कागद सांगत नाही.

आहाराकडे वळण्याआधी निदानाचा कागद एकदा काढून पाहा, अशी माझी विनंती आहे. या आजारासाठी त्वचेचे दोन तुकडे घ्यावे लागतात. एक ताज्या फोडाचा, जो फॉर्मॅलिनमध्ये जातो. आणि दुसरा फोडाच्या शेजारच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा, जो फॉर्मॅलिनमध्ये न घालता वेगळ्या द्रावणात इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे त्वचेतील प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, पाठवतात. निदान पक्के होते ते या दुसऱ्या तुकड्यात कणीदार आयजीए दिसल्यावर. तुमच्या रिपोर्टात फक्त पहिल्या तुकड्याचे वर्णन असेल आणि शेवटी ‘सुसंगत’ असा मोघम शब्द असेल, तर निदान अर्धेच झाले आहे असे मी मानतो. सुदैवाने त्वचेतील आयजीए लवकर जात नसल्यामुळे ही तपासणी आहार सुरू झाल्यानंतरही करता येते; आतड्याच्या बायोप्सीला ही सवलत नाही. डॅप्सोनने खाज थांबली हा पुरावा पुरेसा नाही, कारण ती गोळी पांढऱ्या पेशींच्या इतर अनेक त्वचारोगांतही गुण देते.

निदान पक्के असले तरी नंतरची प्रत्येक खाज त्याच आजाराची असते असे नाही. आपल्याकडे खरूज आहे, स्टेरॉइड मिसळलेली मलमे चोळून बेभान झालेले गजकर्ण आहे, थंडीतली कोरडी त्वचा आहे. आणखी एक गोष्ट आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाच्या लोकांना सांगावीच लागते: बऱ्या झालेल्या फोडाच्या जागी काळसर डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. डाग म्हणजे चालू आजार नव्हे. कोपरावर बोट फिरवून पाहा. सपाट आणि न खाजणारा काळा ठिपका जुना आहे, तर लालसर, टोक असलेला किंवा खाजवून खपली धरलेला दाणा नवा आहे. मोजायचे ते नवे दाणे.

आता गिरणी. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे येत असत. घरात गहू येतच नव्हता, नवऱ्यानेही पोळी सोडली होती, तरी दर महिन्याच्या साधारण एकाच सुमारास दाणे उठत. मी त्यांना वही ठेवायला सांगितले. तीन महिन्यांनी वहीतून जे दिसले ते असे की दळण आणल्यानंतर आठवड्याभरात पुरळ वाढे आणि तोच डबा संपत आला की ओसरे. गिरणीवाल्याला त्या प्रत्येक वेळी बजावून सांगत, ‘ज्वारीवर ज्वारी दळा’. तोही प्रामाणिकपणे आधी कुणाची तरी ज्वारी काढून मगच यांचे दळण टाकत असे. पण त्या दुसऱ्या कुणाच्या ज्वारीच्या आधी दिवसभर गहूच दळला गेलेला असे, आणि जात्याच्या पाळूत, खालच्या पेटीत व पीठ पडणाऱ्या कापडी नळीत जे बसलेले असते ते एका घाण्याने निघत नाही. त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा नळी झटकल्यावर डब्यात पडलेली पहिली मूठ ज्वारीच्या पिठापेक्षा पिवळसर आणि मऊ होती. पीठ मळणाऱ्या हाताला हा फरक कळतो. प्रयोगशाळेची गरज पडली नाही.

याचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे मी उगाच काथ्याकूट करत नाही हे पटेल. कणकेत ढोबळमानाने आठ टक्के ग्लुटेन धरा. गिरणीत उरलेली ५० ग्रॅम कणीक तुमच्या दोन किलो ज्वारीत मिसळली, तर चार ग्रॅम ग्लुटेन आले, म्हणजे किलोमागे २,००० मिलिग्रॅम. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तुमचे पीठ त्याच्या शंभरपट झाले. त्या पिठाच्या ६० ग्रॅमच्या एका भाकरीत १२० मिलिग्रॅम ग्लुटेन असेल. सिलिअ‍ॅक या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांनी रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतले तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात दिसले होते, आणि रोज १० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे १० मिलिग्रॅम म्हणजे एका मध्यम पोळीचा सुमारे २४० वा भाग; चिमटीत धरलेल्या कणकेपेक्षाही कमी.

म्हणून ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावेत. नवी घरघंटी घ्यावी, जिच्यात गहू कधीच पडलेला नाही. घरात आधीपासून गव्हासाठी वापरलेली घरघंटी असेल, तर ती ब्रशने झाडून ‘साफ’ होत नाही, हे लक्षात ठेवावे. घरघंटी परवडत नसेल तर ग्लुटेनमुक्त असे छापलेले आणि परवाना क्रमांक असलेले पीठ घ्यावे, किंवा भात आणि अख्ख्या धान्यांवर भर द्यावा. उपासाचे दळण वेगळे काढणारी, त्यासाठी स्वतंत्र जाते ठेवणारी गिरणी तुमच्या भागात असेल तर तिचा विचार अवश्य करा. तसे पाहिले तर आपल्या उपासाच्या फराळाइतका ग्लुटेनविरहित आहार शोधून सापडणार नाही: वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तुमच्यापुरती तरी टिंगलीची राहत नाही.

गिरणीनंतर ओटा. एकाच घरात पोळ्या आणि भाकऱ्या होत असतील तर परात, पोळपाट, लाटणे, चाळणी आणि लाकडी उलथणे तुमच्यासाठी वेगळे हवे. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ बसते, ते धुऊन निघत नाही. स्टीलची परात आणि लोखंडी तवा नीट घासून घेतले तर चालतात, पण भाकरी आधी आणि पोळी नंतर, असा क्रम ठेवावा. कणीक चाळताना उडणारे पीठ तासभर तरी ओट्यावर बसत राहते, तेव्हा उघडी कोशिंबीर त्या वेळी तेथे नको. आणि भाकरी थापताना मोडते म्हणून बाजरीत मूठभर कणीक घालण्याची काही घरांतली जुनी सवय आहे. घालणाऱ्या बाईंना त्यात गहू ‘घातला’ असे वाटतच नाही, म्हणून थेट हाच प्रश्न विचारावा लागतो.

मराठी घरात गहू ज्या नावांनी लपतो ती नावे वेगळी आहेत आणि परदेशी आहार-तक्त्यांत ती सापडत नाहीत. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकुटातही असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव येतो. कुरडई ही तर निव्वळ गव्हाचा चीक आहे, आणि लग्नाच्या पंगतीत उडदाचा पापड त्याच कढईत, त्याच तेलात तळला जातो, म्हणून तोही नको. बाजारातील बांधीव हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते. काही कंपन्या तांदळाचे पीठ वापरतात, तेव्हा डबीवरचे घटक वाचून घ्यावी. ही डबी मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण फोडणीत हिंग रोज, दोन्ही वेळा पडतो. बटाटेवडा बेसनाचा असला तरी गाड्यावर त्याच तेलात समोसे निघतात. दिवाळीच्या फराळात अनारसे आणि तांदळाच्या भाजणीची चकली चालते, पण शंकरपाळे तळलेल्या तुपात ती तळली तर चालत नाही. दुधात घालायच्या कित्येक पावडरींत माल्ट असते. माल्ट म्हणजे जव. बिअरही जवाची. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स स्वतः गहू नसले तरी बाजारातील साधे ओट्स गव्हासोबत हाताळलेले असतात. निदान पहिली दोन वर्षे ते बाजूला ठेवावेत.

खपली गव्हाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत ‘खपली पचायला हलका, म्हणून चालतो’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर तोंडपाठ झाले आहे. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि तुमच्यासाठी तो साध्या गव्हाइतकाच निषिद्ध आहे. सेंद्रिय गहू, अंकुरित गहू, दगडी जात्यावरचा गहू, सगळ्यांना हेच लागू. सकाळी बागेबाहेर मिळणाऱ्या गव्हांकुराच्या रसात पानांबरोबर दाणेही येऊ शकतात. तोही घेऊ नका.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ही खरी अडचण असते, कारण ‘एवढ्याशाने काय होते’ आणि ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ ही दोन वाक्ये एकदम समोर येतात. माझे रुग्ण पंचामृत आणि केळे मागून घेतात आणि शिरा घरच्यांना देतात. कुणाचा अवमान झाल्याचे मी ऐकलेले नाही. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती रुग्णांना सांगायचे तर चर्चच्या नियमांप्रमाणे पूर्ण ग्लुटेनविरहित होस्टिया (मिस्सेत देतात ती गव्हाची पातळ चकती) ग्राह्य नसली तरी अत्यल्प ग्लुटेनची होस्टिया चालते. आपल्या फादरांशी आधी बोलावे.

चूक शोधताना एक सापळा टाळा. ग्लुटेन पोटात गेल्यावर पुरळ तासाभरात उठत नाही. काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही उठते. त्यामुळे लोक काल खाल्लेल्या वांग्यावर, डाळिंबावर, दह्यावर आळ घेतात आणि एकेक पदार्थ उगाच बंद करत जातात. दोन वर्षांत केवळ भात आणि मुगावर आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या भातावरच्या वरणाला त्याच हिंगाची फोडणी होती. वहीत रोजचा प्रत्येक घास लिहू नका. नवे दळण कधी आणले, बाहेर कुठे खाल्ले, नवा डबा किंवा पाकीट कधी फोडले आणि नवे दाणे किती, एवढेच लिहा.

आता गोळी. डॅप्सोन हे आपल्याकडे कुष्ठरोगाचे औषध म्हणून ओळखले जाते आणि १९८२ पासून रुजलेल्या बहुऔषधोपचारात ते रोज १०० मिलिग्रॅम याच मात्रेत दिले जाते. औषध दुकानदाराने काही विचित्र नजरेने पाहिले किंवा घरात कुणी घाबरले, तर हे समजावून सांगा की येथे त्याचा उपयोग जंतू मारण्यासाठी नसून पांढऱ्या पेशींना आवरण्यासाठी आहे. ही गोळी खाज दोन-तीन दिवसांत थांबवते, पण आतड्यावर तिचा काडीचाही परिणाम होत नाही आणि आयजीएचा साठा ती कमी करत नाही. म्हणून ‘गोळी चालू आहे तर थोडी पोळी चालेल’ हा विचार घातक आहे. पुरळ झाकलेले राहते आणि आतडे बिघडत राहते.

गोळी सुरू करण्याआधी तुमची जी-६-पीडी तपासणी झाली होती का, हे तपासून पाहा. हे एन्झाइम कमी असणाऱ्यांत डॅप्सोनने तांबड्या पेशी वेगाने फुटतात. पारशी, सिंधी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता अधिक आढळते, पण आडनावावरून अंदाज न बांधता प्रत्येकाची तपासणी करणे योग्य. एन्झाइम पुरेसे असले तरी हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरणे नेहमीचे आहे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढील दोन महिने पंधरवड्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी रक्तगणना व यकृताची तपासणी मी करून घेतो. पहिल्या तीन महिन्यांत घसा दुखून ताप आला, किंवा चौथ्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास ताप, अंगभर लाली, गाठी किंवा कावीळ दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. येथे उद्याची वाट पाहू नये. ओठ निळसर दिसणे आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन कमी दाखवणे, हे रक्तातील मेथहिमोग्लोबिनमुळे, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या बदललेल्या हिमोग्लोबिनमुळे, होऊ शकते. दम लागत असेल तर तातडी समजावी. त्रास नसला तरी डॉक्टरांना कळवावे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक बाब फार महत्त्वाची आहे. डॅप्सोनमुळे तांबड्या पेशींचे आयुष्य घटते आणि तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी चाचणी खोटी कमी येते. साखर बेताल असताना रिपोर्ट उत्तम आला म्हणून औषध कमी केलेला रुग्ण मी पाहिला आहे. अशा वेळी उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवरच विसंबावे.

तुमच्या प्रश्नातील खरी गडबड मला १०० वरून एकदम ५० वर येण्यात दिसते. ही उडी मोठी आहे. मी साधारण महिना-दीड महिन्याने २५ मिलिग्रॅमच कमी करतो, म्हणजे १०० नंतर ७५, तेही आधीचे चार आठवडे नवे दाणे नसतील तरच. उतरताना चार-दोन दाणे आले तर लगेच १०० वर परतण्याचे कारण नाही. त्या जागेवर डॉक्टरांनी दिलेले तीव्र स्टेरॉइड मलम आठ-दहा दिवस लावून मात्रा तशीच धरावी. दाणे पुंजक्यांनी आणि दोन्ही बाजूंनी उठले तरच एक पायरी वर जावे. पन्नासच्या खाली बरेच रुग्ण दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असे उतरत जातात. मात्रेचा हा बदल स्वतःच्या मनाने न करता तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांशी बोलून करा, कारण तुमचे रक्ताचे रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत. जन्मभर लागतो तो आहार. काटेकोर आहार पाळणाऱ्या बहुतेकांची गोळी सुटते. ज्यांना डॅप्सोन सोसतच नाही त्यांच्यासाठी सल्फासलाझिनसारखे पर्याय आहेत.

आयोडीनबाबत. जास्त आयोडीनने हे पुरळ भडकते ही गोष्ट खरी आहे, पण ती मात्रेची गोष्ट आहे. किरकोळ विक्रीच्या मिठात आयोडीनचे प्रमाण किमान दशलक्ष भागांत १५ भाग असावे लागते. पाच ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन मिळते, आणि शरीराला रोज १५० लागते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडाइड असलेली खोकल्याची औषधे, अ‍ॅमिओडारोन हे हृदयाचे औषध आणि सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते द्रव्य यांतून येणारे आयोडीन त्याच्या अनेक पट असते. तेव्हा मीठ बदलण्याआधी औषधांची चिठ्ठी तपासा, आणि हृदयाचे औषध असेल तर ते स्वतःहून थांबवू नका. गिरणी, ओटा आणि हिंग हे तिन्ही दुरुस्त करूनही तीन-चार महिन्यांत गोळी उतरत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-तीन महिने शेंदेलोण वापरून पाहता येईल. कायमचे शेंदेलोण नको. या आजारासोबत थायरॉइडचे विकार तसेही अधिक आढळतात, त्यात आयोडीनची उणीव जोडण्यात शहाणपण नाही. काही रुग्णांत आयबुप्रोफेन, इंडोमेथॅसिनसारख्या वेदनाशामकांनीही दाणे वाढतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल बरे.

त्वचेची काळजी साधी आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, अंघोळीनंतर खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर, कापलेली नखे. टेबलावर कोपरे टेकून बसण्याची सवय मोडा, कारण सततच्या दाबाच्या जागी दाणे लवकर उठतात. साबण-शाम्पूमधील गव्हाचा अर्क त्वचेतून आत जाऊन हा आजार भडकवत नाही. ओठांना लावायचे आणि चुकून पोटात जाऊ शकेल असे तेवढे पाहून घ्यावे. खाजेच्या गोळ्या झोपेपुरत्या मदत करतात, दाणे थांबवत नाहीत.

मुलांची तपासणी करावी. आई-वडील, भावंडे आणि मुले यांना सिलिअ‍ॅक आजाराची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, आणि आपल्या देशात हा आजार प्रदेशाप्रमाणे बदलतो: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो उत्तरेकडील प्रौढांत शंभरामागे साधारण एकात, तर दक्षिणेत हजारामागे एकात आढळला. मुलांचे टीटीजी आणि एकूण आयजीए एकाच रक्तनमुन्यात होते. फक्त एक अट आहे: त्या वेळी मुले पोळी खात असली पाहिजेत. घरात सगळ्यांनी एकदम गहू सोडला आणि नंतर तपासणी केली, तर चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते. तुमच्या स्वतःच्या तपासणीत थायरॉइड, लोह, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व आणि साखर वर्षातून एकदा असू द्या. हाडांची घनता एकदा मोजून ठेवावी. पाकिटातील ग्लुटेनमुक्त बिस्किटे आणि केक मैद्याऐवजी स्टार्च आणि साखरेवर उभे असतात. ज्वारीची भाकरी आणि नाचणीची आंबील यांच्याकडे दुर्लक्ष करून ते महागडे खाणे घेण्याची गरज नाही.

येत्या आठवड्यात घरातील हिंगाची डबी, मेतकूट आणि भाजणी यांची पाकिटे ओट्यावर काढून त्यांवरील घटक वाचा, जुने पीठ घरात दुसऱ्यांना वापरू द्या आणि नवे दळण वेगळ्या जात्याचे आणा. त्यानंतर डॉक्टरांना विचारून गोळी ७५ वर धरा. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना रक्ताच्या रिपोर्टांबरोबर दळणाच्या तारखांची ती वहीही न्या.